हात वर केला की

आमच्या गल्लीतला सलूनवाला खुर्ची मागे करण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "भाऊ, आता मागे घेऊन राहिलो." वस्तरा गळ्याशी नेण्याआधीही सांगतो. एरवी तो फारसा बोलत नाही. खाताना एकाच बाजूनं चावतो. दुखरा दात काढून का टाकत नाही, असं विचारलं की "पाहू ना भाऊ" म्हणत पुन्हा कैची चालवायला लागतो. लहानपणी दातांच्या दवाखान्यात त्याला चौघांनी दाबून धरलं होतं, एवढंच मला ठाऊक.

परवा दुपारी दुकानात मी एकटाच होतो. माझी दाढी झाल्यावर तो स्वतः खुर्चीत बसला.

"भाऊ, मले मागे घ्या जरा. मॅडमनं सांगतलं हाय."

मॅडम म्हणजे समुपदेशक. भीती जावी म्हणून काही महिन्यांपासून तो त्यांच्याकडे जातोय. खुर्ची दुसऱ्यानं मागे घ्यायची, यानं तोंड उघडं ठेवायचं, सहन झालं नाही की हात वर करायचा, असा सराव त्यांनी दिला होता.

मी खुर्चीची दांडी ओढली. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा तो माणूस घामानं डबडबला. थोडंच राहिलंय, होऊन जाऊ दे, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्याचा हात जेमतेम वर उठला. मी थांबलो.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"खरंच थांबले तुमी," तो म्हणाला.

मग खुर्चीत नीट सरकून त्यानं पुन्हा तोंड उघडलं.