गौरीच्या आराशीतला गुलखैरा

सांगते ना, त्या चैत्रात आमच्या घरी विलायती बाग उतरली होती! बाहेर उन्हाच्या झळांची लू अशी की मोगऱ्याखेरीज फूल दिसेना, आणि आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलेलं. देवासात तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती नि धाकटी पाती. दादा, म्हणजे माझे वडील, थोरल्या पातीच्या दरबारी बागेचे कारकून. त्यांनी दरबारचं फुलांच्या चित्रांचं एक जुनं पुस्तक घरी आणलं. शिवण उसवून पानं सुटलेली. जिनगराकडे बांधायला न्यायची होती.

काय पानं ती! डेलिया, गुलखैरा, एकेका पाकळीत तीन तऱ्हांचा गुलाबी!

"रेघा तेवढ्या छापलेल्या," दादा म्हणाले. "रंग कुणी कुंचल्यानं हातानं भरलाय. पाणी लागलं तर रंग गेला, आणि माझी चाकरीही."

आई कुठली ऐकते! "एक दुपार द्या हो. धाकट्या पातीकडच्या बायका येणार. गौरीमागे काय लावू, वाळका पाला?"

शेवटी दोरीवर पानं टांगली, एकही भोक न पाडता, चिमटे लावून. बायका आल्या त्या गौरीला नमस्कार करायचंच विसरल्या!

"माहेर धारचं, नि बाग थेट विलायतेची हो!" एकीनं आईला टोमणा मारला, पण नजर काही हलेना. पन्हं हातातच राहिलं. मी नुसती नाचत होते.

ओट्या भरून झाल्या. शेजारच्या काकूंनी गुलाबदाणी घेतली, सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडलं, आणि हौसेहौसेत चित्रांवरही!

"या उन्हात फुलांना नको का पाणी?"

गुलखैऱ्यावर टपोरा थेंब! काकूंनी पदर पुढे केला.

"पुसू नका!" आई ओरडली. पूजेच्या ताटातली कोरडी वात उचलून तिनं टोक अलगद टेकवलं. कापूस थेंब प्यायला. वात गुलाबी झाली.

संध्याकाळी दादा आल्याबरोबर आईनं ती वात त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पान उजेडाला धरलं, तिरकं केलं.

"कुठली पाकळी?"

"तुम्हीच शोधा."

सापडेचना! मग पान नाकाशी नेलं आणि खदखदून हसले. "गुलखैऱ्याला गुलाबाचा वास! उद्या कचेरीत साहेबांना सांगतो. त्यांना डाग सापडला तर चाकरी सोडतो! आज राहू देत पानं. कचेरीतल्या मंडळींनी तरी कुठे पाहिलंय हे?"

आणि निघालेसुद्धा बोलवायला, जोडे उलटसुलट घालून!