माशांचं नाव न घेता

आमच्या भागात सत्कार हा एक आजारच आहे. माणसाला चार शब्द बोलायला बोलवायचं आणि शालीखाली गुदमरवून परत पाठवायचं. लातूर नवा नवा जिल्हा झाला तेव्हा तर या आजाराला ऊत आला होता.

तेव्हा मी उदगीरला मास्तर होतो. माझा एक जुना विद्यार्थी समुद्रकाठच्या शहरात मोठं मत्स्यालय उभारणाऱ्यांपैकी एक होता. लोक रांगा लावून ते बघायला जायचे. बहात्तरच्या दुष्काळात आडावर घागरीसाठी भांडलेलं हे पोर, आणि त्यानं काचेत समुद्र भरला! मला कोण अभिमान!

पण त्याचे वडील त्याच्याशी बोलत नव्हते. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. आडतीचं दुकान, शाकाहारी लिंगायत घर, शिवपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेणार नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, पोरगा मासे विकतोय. तो समजावायला आला की अप्पा उठून आत जायचे. म्हणून मीच शाळेत त्याचं भाषण ठरवलं. चार लोकांत ऐकलं तर पटेल, असं मला वाटलं. अप्पा आलेही, पहिल्या रांगेत बसले. पोराचा चेहरा असा फुलला म्हणता!

मग सुरू झालं गुऱ्हाळ. नमनालाच घडाभर तेल. प्रास्ताविक, परिचय, पाहुण्याचा सत्कार, पाहुण्याच्या वडिलांचा सत्कार. दुष्काळावर बोलले, नव्या जिल्ह्यावर बोलले. बोलणारे निम्मे अप्पांच्याच नात्यागोत्यातले व्यापारी. अप्पांना वाईट वाटू नये म्हणून एकानंही माशांचं नाव घेतलं नाही. "मोठ्या शहरात मोठं काम," "गावाचं नाव काढलं," बस्स! मी मागं नुसता चडफडत होतो. अरे, काय काम ते सांगा की बाबांनो!

बाजारात सौद्याची वेळ झाली तसे अप्पा शाल काखेत मारून उठले. मी दारात आडवा झालो. "अप्पा, आता तोच बोलणार आहे. थोडं थांबा."

"दुकानात माल उतरलाय, गुरुजी," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर तो बोलायला उभा राहिला. फार छान बोलला. शहरातली पोरं काचेला नाक लावून कशी उभी राहतात, घरी चला म्हटलं की कशी रडतात, ते सांगितलं. आमची मुलं खिदळली. तो मात्र सारखा दाराकडं बघत होता. संध्याकाळच्या गाडीनं परत गेला, घरी न जाताच. माझा जीव अजून तुटतो त्या आठवणीनं.

दुसऱ्या दिवशी मी तडक दुकानात गेलो. "अप्पा, ते मासे कुणी विकत नाही, कुणी खात नाही. लोक नुसते बघतात हो!"

अप्पा ज्वारीच्या पोत्याला टेकून बसले होते. "तुम्ही त्याचे गुरुजी. तुम्ही त्याचीच बाजू घेणार. काल एवढी शहाणी माणसं बोलली, एकानं तरी त्याच्या धंद्याचं नाव घेतलं का? न्हाई घेतलं. चांगला असता तर घेतलं नसतं का?"

अप्पांनी पंच्यानं डोळे पुसले.

"आपल्या लोकांनी माझी अब्रू राखली, गुरुजी. लई उपकार झाले त्यांचे."