अर्ध्या होडीच्या उजवीकडे

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा चढला की पहिल्यांदा त्याची मान भिंतीकडे वळवली जाई. भिंतीवर काचांच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं. तारखा केव्हाच फाटून गेलेल्या. उरलं होतं फक्त वरचं चित्र: कुठल्याशा दूरदेशीची रुंद नदी, पलीकडे सोनेरी कळसांची रांग, आणि उजव्या कडेला एक होडी. होडीही अर्धीच, बाकीची अर्धी चित्राबाहेर.

"कळस दिसले?" चष्मेवाला विचारी.

"दिसले."

"होडीतली बाई?"

"दिसली की. हात करतेय."

"मग नंबर बरोबर आहे."

गिऱ्हाईक उठून जाई. गल्ल्याशेजारी फ्रेमी पुसत बसलेली त्याची बायको मात्र चित्राकडे बघतच राही. बाई हात करतेय खरी, पण कुणाला? एकदा तिने नवऱ्याला विचारलंही. तो म्हणाला, "फोटो काढणाऱ्याला करत असेल."

"फोटोवाला समोर असतो हो. ही बाजूला बघतेय."

यावर तो हातातली काच पुसू लागला. तसं तिच्या कुठल्याच प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसे, पण तो नवरे मंडळींचा जुनाच आजार आहे, सोडून द्या.

तर झालं असं, की बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर एक दिवस सहलीची जाहिरात घेऊन दुकानात आला आणि जाहिरातीवर हीच नदी! हेच कळस! बायको, म्हणजे या मित्रांच्या वहिनी, उठून उभ्याच राहिल्या. कॅशियर विधुर, त्याचा मित्र कंपाउंडर बिनलग्नाचा, आणि हे नवरा-बायको, असं चौघांचं ठरलं. कंपाउंडरने तर दुसऱ्याच दिवशी बॅग भरली आणि मग रोज तिच्यातून कपडे काढून वापरू लागला.

निघायला थोडे दिवस राहिले असताना वहिनी वरच्या फळीवरची धूळ झटकायला स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या खुब्याचं हाड मोडूनच. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पलंग सोडायचा नाही म्हणून सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, "आता कसली सहल."

"मी पडले ते पडले," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कशाला माझ्या उशाशी पडून राहताय? माझी ताई आलीय ना राहायला. जा, आणि एवढंच बघून या. त्या होडीच्या उजवीकडे काय आहे?"

"अगं, ती होडी आता असेल का तिथे?"

"होडी नसेल. जागा कुठे जाते?"

गेला बिचारा. गल्लीत लगेच चर्चा झाली, बायको अंथरुणात आणि हा निघाला मजा मारायला. चर्चा करणाऱ्या बायकांत निम्म्या जणींनी त्याच्याकडूनच चष्मे नेले होते, त्यामुळे त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. चष्मेवाल्याचा स्वतःचा नंबर होता उणे तेरा. चष्मा काढला की वीतभर अंतरापलीकडचं जग म्हणजे ताक. आणि गिऱ्हाइकागणिक 'दोन करून घ्या हो, एक हरवला तर पंचाईत होते' असं घोकणारा हा गृहस्थ स्वतः एकच चष्मा घालून विमानात बसला. चार दिवसांसाठी दुसरा कशाला, म्हणाला. गिऱ्हाइकंही नेमकं हेच म्हणत, आणि तो त्यांना मनातल्या मनात बावळट म्हणे. त्या चष्म्याच्या काडीचा स्क्रूही ढिला होता. दिवसभर जगाचे स्क्रू आवळायचे, त्यात आपला राहून जातो.

पहिल्याच दिवशी नदीची फेरी होती. बोट सुटली, उकाड्याने नाकावर घाम आला. कळस दिसू लागले तसा चष्मेवाला कठड्याशी सरकला. डावीकडे कळस, मध्ये पाणी. म्हणजे आता थोडं पुढे, तिकडे, उजवीकडे… तो कठड्यावरून वाकला. मान वळवली. चष्मा नाकावरून घसरला, एक काडी कानाला क्षणभर लटकली आणि सुटली. डुबुक्कन आवाजसुद्धा झाला नाही.

"पडला?" कंपाउंडरने विचारलं.

"पडला."

"काढता येईल का?"

"तू उतरतोस?"

कंपाउंडर कठड्यापासून मागे सरकला. चष्मेवाल्यापुढे आता पिवळट, हिरवट, हलणारं असं काहीतरी होतं. त्याने कॅशियरचा दंड धरला. "उजवीकडे काय आहे ते सांग लवकर."

कॅशियरने आयुष्यभर नोटा बघितलेल्या, देखावे नव्हे. "पाणी आहे," तो म्हणाला.

"पाण्यापुढे?"

"काठ."

"काठावर?"

"आहे काहीतरी. बिल्डिंग आहे."

"बिल्डिंग नाही ती, झाड आहे," कंपाउंडर म्हणाला.

"झाडाला खिडक्या असतात का रे?"

"भांडू नका! फोटो काढ, फोटो. मी डोळ्याला लावून बघतो." चष्मेवाल्याचा स्वतःचा फोन बटणांचा, आणि कंपाउंडरने परदेशात बिल येईल या भीतीने आपला हॉटेलातच बंद करून ठेवलेला. कॅशियरने फोन उगारला आणि पडद्याकडे बघत राहिला.

"जागा नाही म्हणतोय."

"मग एखादा फोटो खोड!"

"कुठला खोडू? सगळ्यात मी आहे."

हो-नाही होईतो बोट वळली. ते जे काही होतं, बिल्डिंग म्हणा, झाड म्हणा, मागे गेलं.

दुपारी तिघं चष्म्याचं दुकान शोधत निघाले. सापडलं. आतला म्हातारा दुकानदार यांच्या भाषेतलं अक्षर जाणत नव्हता, पण चष्मेवाल्याचे डोळे बघूनच त्याला सगळं उमगलं. त्याने तपासणीची ती गोल, लोखंडी फ्रेम चष्मेवाल्याच्या नाकावर बसवली आणि पेटीतून एकावर एक काचा घालत गेला. शेवटची काच पडली आणि जग जागच्या जागी आलं. समोर म्हाताऱ्याचा सुरकुतलेला, काळजीने बघणारा चेहरा. त्याच्या मागे भिंतीवर चित्र, बर्फाच्या डोंगराचं. चष्मेवाल्याला हसू आलं. त्याने दाराबाहेर बघितलं. एक बाई दुकानाची पायरी धूत होती. एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन रस्ता ओलांडत होता. मांजर त्याला वाट देत नव्हतं.

मग म्हाताऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या पुढच्या आठवड्यावर बोट ठेवलं. इतक्या जाड काचा बाहेरून घासून यायला तेवढे दिवस लागणारच. चष्मेवाल्याला ते आधीच ठाऊक होतं, तोही गिऱ्हाइकांना हेच सांगे. त्याने नाकावरच्या फ्रेमीला हात लावून खुणेने विचारलं, ही चार दिवस द्याल का? म्हाताऱ्याने पेटी छातीशी धरली आणि मान हलवली. त्यात त्याची काही चूक नव्हती. चष्मेवाल्यानेही दिली नसती. फ्रेम उतरली, म्हाताऱ्याचं ताक झालं.

संध्याकाळी कॅशियरच्या फोनवरून घरी व्हिडिओ कॉल करायचा होता. उघड्या डोळ्यांनी गेलो तर ती घाबरेल, म्हणून त्याने कॅशियरचा चष्मा घातला. पडद्यावर वहिनी आल्या. त्यांनी एकच क्षण बघितलं.

"अहो, हा तर कॅशियरभाऊजींचा चष्मा! मीच बसवून दिला होता, डाव्या कानाला आखूड केलेला. तुमचा कुठाय?"

आता लपवून काय करणार? त्याने सांगून टाकलं.

वहिनींनी पडदा जवळ घेऊन त्याचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाल्या, "लागलं नाही ना कुठे?"

"नाही."

"मग उद्या परत जा तिथे. कुणाचा तरी हात धरून."

पण सगळ्यांच्या पुढे सहलवाल्याने वर धरलेली छत्री एकदा निघाली की मागे वळत नाही. "काका, कार्यक्रम ठरलेला असतो," तो म्हणाला. पुढचे सगळे दिवस चष्मेवाला मित्रांच्या खांद्यावर हात ठेवून फिरला. राजवाडा कसा आहे? मोठा आहे. बाग कशी आहे? तीही मोठीच आहे. एका भिंतीची नक्षी बघायला त्याने नाक टेकवलं, तर पहारेकऱ्याने दंडाला धरून बाजूला केलं. कंपाउंडरला मात्र वाईट वाटत होतं. त्याने धावपळ करून नदीचं एक छापील चित्र विकत आणलं. "घे, वहिनींना दाखव." चष्मेवाल्याने ते नाकाशी धरलं. तीच नदी, तेच कळस आणि तीच होडी. तीही अर्धीच.

विमानतळाकडे जाताना बस पुलावर चढली.

"अरे, नदी!" कंपाउंडर ओरडला.

"उजवीकडे बघा! उजवीकडे!" चष्मेवाला उठून उभा राहिला.

"कुठलं उजवं?" कॅशियर म्हणाला. "आपलं की चित्रातलं?"

तिघांनीही विचार केला. तेवढ्यात पूल संपला.

घरी आल्यावर चष्मेवाला दुकानातला जुना चष्मा चढवून पलंगाशी बसला. वहिनी वाळल्या होत्या, पण डोळे तसेच. त्यांनी ते छापील चित्र उलटसुलट करून बघितलं आणि उशाशी ठेवलं.

"मग? उजवीकडे काय होतं?"

वाटेत त्याने सांगायला बिल्डिंग ठरवली होती. मग झाड. तोंड उघडलं तेव्हा दोन्ही आली नाहीत.

"चष्म्याचं दुकान होतं," तो म्हणाला.

"नदीत?"

"काठावर."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. तो चादरीची सुरकुती सरळ करू लागला.

"बरं. कसं होतं दुकान?"

"आपल्यासारखंच. म्हातारा दुकानदार. भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र. समोर एक बाई पायरी धूत होती. एक जण डोक्यावर खुर्ची घेऊन चालला होता, आणि एक मांजर त्याला काही केल्या जाऊ देईना."

वहिनी हसल्या. हसताना खुबा दुखला, म्हणून थांबल्या.

"त्याची बायको? दुकानात होती का?"

चष्मेवाल्याने आठवून बघितलं. गल्ल्याशेजारी एक रिकामी खुर्ची होती खरी.

"नाही दिसली," तो म्हणाला.

"तीही पडली असेल," वहिनी म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.