श्वास सोडा, पण जपून

पुरुषांचे किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन चटईवर बसतात. जळगावच्या आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये मी सकाळी पुरुषांना मन शांत करायचे श्वासाचे व्यायाम शिकवते, तेव्हापासून माझ्याकडे ढीग साचलाय.

कोर्स खरं तर नवऱ्यासाठी केला होता. तो नोकरीला धुळ्यात, मी बाळाला घेऊन इथे. छातीत धडधडतं म्हणून त्याने ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कमी करा." मी म्हटलं, "मी शिकवते." तो म्हणाला, "मला काय झालंय?"

मग सगळी कॉलनी आली. तो सोडून.

•

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "डोळे मिटा. आता हळूहळू श्वास सोडा."

पारोळ्याहून मुलाकडे राहायला आलेले नाना डोळे टक्क उघडे ठेवून बसले.

"काय झालं, नाना?"

"ताई, ह्या वयमा श्वास सोडा नका सांगू. एकदाव सुटना ते सुटनाच."

तेव्हापासून मी "श्वास बाहेर जाऊ द्या" म्हणते.

•

भ्रामरीत भुंग्यासारखा आवाज काढायचा असतो. बँकेतून रिटायर झालेले पाटील साहेब तो इतका मनापासून काढतात, की एकदा शेजारच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, मोटार बंद करा, टाकी भरली!"

•

याच पाटील साहेबांना मी विचारलं, "रात्री झोप लागत नाही, हे घरी सांगितलंत का?"

"बायकोला? कशाला? ती घाबरेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घाबरणारी बायको त्या हॉलमध्ये मी एकटीच होते. मीही डोलावली.

•

नानांनी एकदा चटई गुंडाळताना विचारलं, "जवाईबापू का येत नईत?"

"धुळ्याला असतात ना."

नानांनी चटई काखेत मारली. "बठ्ठी कॉलनीले शिकाडं, घरनाच राही गया."

•

गेल्या आठवड्यात भर दुपारी नवऱ्याचा फोन आला. एरवी "जेवलीस?" विचारतो आणि ठेवतो. त्या दिवशी म्हणाला, "स्टँडवर आहे. शिंदखेड्याची बस पकडायचीय. परत धडधडतंय."

पहिल्यांदाच आपणहून सांगितलं त्याने, आणि मला शिकवायचं एक वाक्य आठवेना. "डोळे मीट. नको, मिटू नको. बसलायस का? पाणी प्यायलास? दवाखान्यात जातोस?"

"तू थांब जरा. बाळ कुठंय?"

"झोपलंय."

"त्याच्याजवळ ठेव फोन."

बाळाच्या नाकापाशी ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. पलीकडे कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं. मग लाउडस्पीकरवर शिंदखेड्याची गाडी पुकारली. परत पुकारली. मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे, बस?" मी हळूच विचारलं.

"गेली. तू फोन हलवू नको."