लाल औषधाची चौकट

मेट्रनबाईंच्या पावलांचा आवाज व्हायचा नाही. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च. चादर ताणता ताणता मानेमागे गार वाटलं की समजायचं, बाई उभ्या आहेत. आम्ही पेठ तालुक्यातल्या, डोंगराकडच्या पोरी लहानपणापासून वाघाच्या गोष्टी ऐकलेल्या, पण वाघाला घाबरलो नसू एवढं बाईंना घाबरायचो.

"भ्या गं बायांनो," त्या म्हणायच्या. "देवाला भ्या, सुईला भ्या. न भिणारी नर्स पेशंटला मारते." त्यांना कसं सांगणार, मला तर आधीच सगळ्याची भीती होती! आई-बाप द्राक्षांच्या बागांत मजुरीला, चार भावंडांत मी थोरली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलातून नर्सिंग अर्धवट टाकून घरी गेले असते, तर मीही बागेतच जाणार होते.

बाई नाशिकच्याच, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. दरवर्षी ईस्टरच्या आधी एका शनिवारी दुपारी होस्टेलच्या हॉलमध्ये व्हिडिओ आणून त्या एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवायच्या. राजाच्या गुलामीतून देव आपल्या लोकांना सोडवतो, त्याची गोष्ट. इंग्रजी आम्हाला कुठलं कळायला! बाई टीव्हीशेजारी फूटपट्टी घेऊन उभ्या राहत आणि मराठीत सांगत. राजाचे दागिने बघून पोरी खिदळल्या की म्हणायच्या, "त्याचं सोनं नका बघू, त्याचा ताठा बघा."

मी पहिल्यांदा पाहिला त्या वर्षी मग तो प्रसंग आला. राजा ऐकत नाही म्हणून घराघरातलं थोरलं मूल मरणार. ज्यांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं, त्यांची घरं तेवढी वाचणार. बाकीच्या पोरींसाठी तो सिनेमा होता. माझ्यासाठी नव्हता. आमच्याकडे वाघबारशीला वाघदेवापुढे कोंबड्याचं रक्त सांडतात, वाघाने गुरांना हात लावू नये म्हणून. रक्त कशासाठी असतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे लोक देवाला सोडून सोन्याचं वासरू पुजायला लागले, तेव्हा शेजारच्या सुशीलाने सवयीने हात जोडले. बाईंनी पाहिलं आणि पट्टी खाली घेतली.

सोमवारी सुशीलाला कावीळ झाली. ती घरातली थोरली. बुधवारी वरच्या मजल्यावरच्या एकीला झाली, तीही थोरलीच. पाण्याच्या टाकीचा दोष असेल, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आता पाळी माझी. गुरुवारी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची लाल औषधाची बाटली पदराखाली घेतली आणि सगळ्या ड्यूटीवर असताना कापसाच्या बोळ्याने आमच्या खोलीची चौकट माखून काढली. बाटली संपली तेव्हा मागे बाई उभ्या होत्या.

वॉर्डातलं औषध चोरलं की त्याच दिवशी घरी, असा नियम. बोळा मी पाठीमागे लपवला.

"थोरली का गं तू?"

"व्हय बाई."

"या मजल्यावर थोरल्या किती आहेत?"

"नाय माहीत."

"विचारलंसुद्धा नाहीस. फक्त आपलंच दार रंगवलंस." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. मग त्यांनी स्पिरिट आणलं, स्टूल धरलं आणि मला पुसायला लावलं. पण ते औषध कसलं जातंय! चौकट गुलाबीची गुलाबीच राहिली.

शुक्रवारी मोठे डॉक्टर होस्टेल बघायला आले. हॉस्पिटल त्यांच्याच हुकमावर चालायचं. आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि गुलाबी चौकटीकडे बोट दाखवलं. "हे कुणी केलं? पुढे या. आजच्या एसटीने घरी पाठवतो."

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझ्या हातून झालं, सर."

कधी खोटं न बोलणारी बाई! डॉक्टर त्यांना पोरींसमोर नाही नाही ते बोलले. वय झालं म्हणाले, घरी बसा म्हणाले. बाई मान खाली घालून उभ्या. मुठीतल्या किल्ल्या पहिल्यांदाच वाजत होत्या. बाईसुद्धा घाबरतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. एक पाऊल पुढे टाकायचं होतं मला. नाही टाकलं.

त्या वर्षाच्या अखेरीला बाईंना खरंच घरी बसवलं. त्यांची ट्रंक उचलून मी रिक्षापर्यंत गेले. इतके महिने घोळवलेलं वाक्य कसंबसं तोंडातून काढलं. "बाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील, जाऊ दे म्हणतील.

"हो," बाई म्हणाल्या. "पाहिजे होतं."

आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला."