स्लॅबला किती माल लागेल?

मंचरजवळच्या रेडिमिक्स प्लँटवर मी काँक्रीटच्या ऑर्डरी घेतो आणि साइटवर जाऊन मापं काढतो. लांबी, रुंदी, जाडी, वर थोडं जास्तीचं, एवढाच हिशोब. तरी माल एक तर कमी पडतो, नाहीतर उरतो, आणि दोन्ही वेळा शिव्या मलाच. असे किस्से साचत जातात. त्यातले हसण्यासारखे थोडेच.

* * *

आळेफाट्याच्या एका हॉटेलवाल्याने मोबाइलवर हिशोब करून ऑर्डर दिली. बीम धरलेच नव्हते. अर्ध्यात माल संपला, तर मलाच म्हणतो, "ॲप चुकत नसतंय राव. तुमची गाडीच ल्हान हाय."

* * *

घोडेगावकडचे एक काका, गावात कुणाचाही स्लॅब असला की गोठ्यात फळ्या लावून तयार. "उरलं तर इकडं टाका भाऊ." असा तुकड्यातुकड्यानं गोठ्याचा कोबा पुरा झाला. तोवर म्हशी विकल्या होत्या.

* * *

जुन्नरला दोन सख्खे भाऊ, घर एक, मध्ये भिंत. दोघांनी मापं वेगळी घ्यायला लावली, गाड्याही वेगळ्या दिवशी. मी म्हटलं, एकदम टाका, नाहीतर सांधा राहील. थोरला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्याचा माल माझ्यात नको."

आता पावसात दोघांकडे गळतं. दोघेही मलाच फोन करतात.

* * *

आणि ही डोंगराकडची वाडी. भात पिकवणारं घर. म्हातारे आप्पा आजारी, जुन्या घरात खाटेवर. शेजारीच त्यांच्या नव्या घराचा स्लॅब. गाडी कशीबशी चढली, पंप सुरू झाला. मुलगा बाळू आप्पांना सांगायला आत गेला आणि लगेच बाहेर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, आप्पा गेलं."

घरात माणूस गेलं की काम बंद. लेबर हात लावत नाही. इकडे अर्धा माल वर पडलेला, थांबलो तर स्लॅब वाया, आणि पुन्हा घालणं त्या घराला झेपणारं नव्हतं.

तेवढ्यात आजी, म्हणजे बाळूची आई, दारात आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डोळा लागलाय त्यांचा. तुमी काम चालू ठेवा." आणि दार लावून घेतलं.

त्यात एका बाजूच्या फळ्या दबल्या आणि माल कमी पडला. मंचरहून दुसरी गाडी मागवली. आजींनी दार जरासं उघडून विचारलं, "आजून किती येळ?"

"दीड तास तरी, आजी."

"बरं," म्हणाल्या. पदर तोंडात धरला आणि आत गेल्या.

गाडी आली. शेवटचा कोपरा भरला, गवंड्यानं पट्टी फिरवली. बाळू दाराशी जाऊन म्हणाला, "आई, झाला स्लॅब."

मग आजींनी हंबरडा फोडला.