अर्धी वेणी

हट्टा गावाच्या रस्त्यावर शिजवलेल्या हळदीचा वास आला की मला आईची अर्धी वेणी आठवते. मी सहावीत होते. हळद शिजवायचे दिवस होते, आईची नखंसुद्धा पिवळी झालेली. एका दुपारी मात्र तिनं शिकेकाईनं डोकं धुतलं, गोठ्यामागं कडुलिंबाखाली जाऊन बसली आणि बजावलं, "आता घडीभर मला कोणी हाका मारू नका." मी भिंतीआडून पाहिलं, तर ती वेणी घालता घालता गुणगुणत होती. आई गुणगुणते हे मला ठाऊकच नव्हतं. तरी थोड्या वेळानं मी ओरडलेच, "आई, माझी कंपासपेटी सापडत न्हाई!" अर्धी वेणी मुठीत धरून ती आली. "काहून वरडून राहिलीस? तुझ्याच दप्तरात हाय की." तेवढ्यात आजोबांनी चहा मागितला, मग गडी जेवायला आले, आणि ती वेणी दिवस मावळेपर्यंत अर्धीच राहिली. मागच्या वर्षी आई गेली. शेवटची आंघोळ घातल्यावर तिची वेणी मी घातली, अगदी सावकाश, टोकापर्यंत. घर माणसांनी भरलं होतं, पण मधेच उठवायला तिला कुणीच हाक मारली नाही.